एल मोरो की सान क्रिस्तोबाल? सान हुआनचे किल्ले पाहायला जाणाऱ्यांसाठी

कॅरिबियनमधले पोर्तो रिको हे बेट पूर्वी स्पेनचे, आता अमेरिकेच्या ताब्यातले. त्याची राजधानी सान हुआन. या शहराच्या जुन्या भागात दोन मोठे स्पॅनिश किल्ले आहेत. खाडीच्या तोंडाशी, भूशिराच्या टोकावर एल मोरो. शहराच्या पूर्वेच्या वेशीवर सान क्रिस्तोबाल. मधले अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, तिकीट दोन्हींचे एकच. तरीही पुष्कळ लोक एकच किल्ला बघून परततात. कोणाची क्रूझ सुटायची असते, कोणाच्या आईचे गुडघे बोलू लागतात, कोणाची मुले उन्हाने रडकुंडीला आलेली असतात. मग प्रश्न येतोच: एकच बघायचा तर कोणता?

बहुतेक जण डोळे झाकून 'मोरो' म्हणतात. पोस्टकार्डावर तो, फ्रीजवर चिकटवायच्या चुंबकावर तो, मग खराही तोच असणार, असा हिशेब. माझे मत जरा वेगळे आहे. सिंधुदुर्ग, वसई, राजगड ज्याने पायाखाली घातले आहेत, किल्ल्यात शिरल्याबरोबर दरवाजा कसा वळतो, पाणी कुठे साठवले, शत्रू कुठून आला असता हे ज्याचे डोळे आपोआप शोधू लागतात, त्याने सान क्रिस्तोबाल निवडावा. समुद्र, वारा आणि पोरांना धावायला मोकळे रान हवे असेल तर मोरो. दोन्ही जमत असतील तर उत्तमच, पण मग क्रम सोडू नका: आधी मोरो, नंतर सान क्रिस्तोबाल. मोरोला जे जमले नाही त्यातूनच सान क्रिस्तोबाल उभा राहिला आहे, आणि हे ध्यानात न घेता गेलात तर दोन्हीकडे तेच तट आणि त्याच तोफा दिसतील.

इथे किल्ले बांधायचेच कशाला?

युरोपातून व्यापारी वाऱ्यांवर स्वार होऊन येणाऱ्या जहाजांना कॅरिबियनमध्ये शिरताना गोडे पाणी आणि सुरक्षित बंदर देणारे पहिले मोठे बेट म्हणजे पोर्तो रिको. हे बेट ज्याच्या हातात, त्याला पुढचा रस्ता मोकळा. मेक्सिको आणि पेरूची चांदी वाहणाऱ्या स्पेनला हे बंदर दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे परवडणारे नव्हते. बेटाचे स्वतःचे उत्पन्न मात्र तुटपुंजे. म्हणून तटबंदीचा आणि शिबंदीचा खर्च मेक्सिकोच्या तिजोरीतून यायचा. चांदीची ही वार्षिक रक्कम वेळेवर पोहोचली नाही की बांधकाम थांबे आणि सैनिकांचे पगार थकत.

पहिला प्रयत्न फसलाच होता. 1533 ते 1540 या काळात बांधलेली ला फोर्तालेसा खाडीच्या आत, अशा जागी आहे की तिथून खाडीचे तोंडच दिसत नाही. त्या काळचा इतिहासकार ओव्हिएदो याने तर आंधळ्यांनीही किल्ल्यासाठी याहून वाईट जागा निवडली नसती, अशा अर्थाची टर उडवली होती. चूक उमगल्यावर 1539 मध्ये थेट भूशिराच्या टोकावर एक बुरूज उभारायला सुरुवात झाली. तोच मोरोचा मूळ गाभा. ला फोर्तालेसा पुढे राज्यपालांचे निवासस्थान झाली आणि आजही तेच आहे.

मोरो

याचे पूर्ण नाव कास्तियो सान फेलिपे देल मोरो. फेलिपे म्हणजे स्पेनचा राजा दुसरा फिलिप. इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजमुकुटाखाली होते. म्हणजे सान हुआन आणि वसई, दमण, गोवा यांचा धनी एकच. याच फिलिपने जोव्हान्नी बात्तिस्ता आंतोनेल्ली या इटालियन स्थापतीला कॅरिबियनकडे धाडले आणि जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या दुसऱ्या इटालियनाला गोव्याकडे. वसईचे बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले कोनदार बुरूज पाहिलेल्या माणसाला मोरोच्या दर्शनी भागात ओळखीचे काही दिसले, तर तो भास नव्हे. दोन्हीकडे एकाच विद्येचे लोक काम करत होते.

मोरोकडे जाताना आधी लागते ती मोठी उतरती हिरवळ. शहरातून आलेला माणूस या मोकळ्या पटांगणातून बराच वेळ चालत राहतो, आणि सावलीचे एक झाडही वाटेत नाही. ही जागा मुद्दामच मोकळी ठेवली होती, जमिनीवरून चाल करून येणाऱ्याला लपायला आडोसा मिळू नये म्हणून. अमेरिकी लष्कराच्या काळात इथे गोल्फ खेळत. आता पतंग उडवतात. अटलांटिकवरून येणारा वारा इतका भरवशाचा आहे की नवशिक्याचाही पतंग वर जातो. मुलांना सोबत आणले असेल तर एक पतंग विकत घ्याच.

लांबून पाहताना किल्ला बसका वाटतो. कोरड्या खंदकावरचा पूल ओलांडून आत गेले आणि दर्याच्या बाजूने खाली डोकावले की कळते, खरा किल्ला आपल्या पायाखाली आहे. सहा मजले एकाखाली एक उतरत गेलेत आणि वरचा कठडा समुद्रापासून साधारण 145 फूट उंच आहे. 1539 चा बुरूज सर्वांत खाली. पुढच्या अडीचशे वर्षांत ज्याने त्याने त्याच्यावर आणि भोवती भर घातली. मुख्य चौकातून सांता बार्बारा या तोफमंचाकडे एक लांब उतार जातो. तोफा ओढत न्यायला केलेला हा उतार आज पर्यटकांच्या पोटऱ्यांची परीक्षा घेतो. सांता बार्बारावर उभे राहा आणि खाडीच्या तोंडाकडे बघा. आत शिरणाऱ्या जहाजाला किती जवळून जावे लागते ते तिथे एका दृष्टिक्षेपात समजते, त्यासाठी माहितीफलक वाचायची गरज नाही. नशिबाने एखादी क्रूझ त्याच वेळी आत येत असेल तर अंदाज आणखी पक्का होतो.

1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक इथे आला. एका नादुरुस्त गलबतावरचा मोठा खजिना शहरात उतरवून ठेवल्याची खबर त्याला होती. सोबतचा जॉन हॉकिन्स हल्ल्याआधीच पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ आजाराने मेला. किनाऱ्यावरून सुटलेला एक गोळा ड्रेकच्या जहाजाच्या खोलीत घुसला, त्याचे दोन साथीदार त्यात गेले आणि तो मात्र वाचला. खजिना न घेताच त्याला परत फिरावे लागले. ही हकिकत मोरोवर सगळे सांगतात, कारण ती विजयाची आहे.

पुढची जरा कमी उत्साहाने सांगितली जाते. तीनच वर्षांनी, 1598 मध्ये, कंबरलंडचा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड आला. ड्रेकसारखे खाडीच्या तोंडावर डोके आपटायच्या भानगडीत तो पडला नाही. पूर्वेला फौज उतरवून तो शहरात शिरला आणि मोरोला मागून वेढले. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या किल्ल्याची पाठ उघडी होती. तो शरण गेला. इंग्रजांना तिथून घालवले ते स्पॅनिश फौजेने नव्हे, हगवणीने. शेकडो माणसे दगावल्यावर क्लिफर्ड काही आठवड्यांत गाशा गुंडाळून निघून गेला. 1625 मध्ये डच सेनापती बाउदेवेन हेंड्रिक्स तर तोफांच्या माऱ्यातूनच आरमार खाडीत घेऊन गेला. शहर लुटले, जाळले. मोरोवर राज्यपाल हुआन दे आरो टिकून राहिला एवढेच समाधान.

म्हणजे मोरोवर एवढी मेहनत आणि चांदी खर्चूनही शहर दोनदा गेले. मोरोच्या भव्यतेने भारावून जायला हरकत नाही, पण ही गोष्ट मनात ठेवूनच पूर्वेकडे निघा.

सान क्रिस्तोबाल

1625 नंतर शहराभोवती तट उभा राहू लागला आणि 1634 मध्ये पूर्वेच्या टेकाडावर छोटे बांधकाम झाले. आज दिसणारा किल्ला मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आला, आणि त्याचे कारण सान हुआनमध्ये नाही, क्युबातल्या हवानात आहे. 1762 मध्ये ब्रिटिशांनी हवाना जिंकले. तिथेही खाडीच्या तोंडावर एक मोरो होता आणि तोही जमिनीच्या बाजूने पडला. (इंटरनेटवर नुसते 'मोरो' शोधलेत तर हवानाचे फोटो समोर येतील, हॉटेल बुक करताना तेवढे बघा.) तह होऊन हवाना परत मिळाले, पण स्पेनचा राजा तिसरा कार्लोस चांगलाच हादरला होता. 1765 मध्ये त्याने अलेहांद्रो ओ'रायली याला सान हुआनची पाहणी करायला पाठवले. आराखडा आणि काम तोमास ओ'डेली याच्या हाती आले. दोघेही मूळचे आयरिश, नोकरी स्पेनच्या राजाची. पुढच्या दोनएक दशकांत सान क्रिस्तोबालला त्याचा आजचा आकार आला: सुमारे 27 एकर, अमेरिका खंडात स्पेनने बांधलेल्या किल्ल्यांमध्ये सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. दगड वाहणारे आणि खोदकाम करणारे हात बरेचसे गुलामांचे आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचे होते. माहितीफलकांवर स्थापतींची नावे येतात, त्यांची येत नाहीत.

या किल्ल्याचे तोंड जमिनीकडे आहे. मुख्य तटाच्या पुढे खंदक, खंदकापलीकडे सुटा त्रिकोणी बुरूज, त्याच्याही पुढे आणखी तोफमंच, असे एकामागून एक अडथळे रचले आहेत. आणि प्रत्येक पुढचा अडथळा मागच्याहून बुटका. शत्रूने पहिला जिंकला, तर तो मागच्याच्या तोफांखाली उघड्यावर सापडणार, कारण जिंकलेल्या बांधकामाची मागची बाजू मुद्दाम उघडी ठेवली आहे. सर्वांत वरच्या सान मिगेल या उंच मंचावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की ही सगळी रचना कागदावरच्या नकाशासारखी समोर पसरते. मोरोवर नजर आपसूक क्षितिजाकडे जाते. इथे मात्र मन हल्ला करणाऱ्याच्या बाजूने विचार करू लागते. आपण आत घुसलो असतो का? मला तरी वाट सापडली नाही.

दुसरी गोष्ट भुयारांची. सान क्रिस्तोबालखाली भुयारे आहेत आणि त्यांतली काही नुसती ये-जा करायला नव्हती. शत्रूने बाहेरचा भाग घेतलाच, तर त्याच्या पायाखाली दारू भरून उडवून द्यायची, हा बेत होता. वसईच्या वेढ्यात 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून पोर्तुगीजांचे बुरूज उडवले होते. ती विद्या हल्ला करणाऱ्याची. इथे तीच विद्या बचाव करणाऱ्याने आधीच जमिनीत पुरून ठेवली आहे. भुयारात वारा थंड लागतो, छत काही ठिकाणी खाली येते, उंच माणसाने डोके सांभाळावे.

एका भुयाराच्या वाटेवर अंधारकोठडी आहे. तिच्या भिंतीवर गलबतांची चित्रे कोरली आहेत. फाशीची वाट बघणाऱ्या एका कप्तानाने ती काढली असे सांगतात. कप्तान असो वा नसो, चित्रकाराला जहाज आतून-बाहेरून माहीत होते, शिडे आणि दोरखंड कसे असतात ते त्याने नीट दाखवले आहे. काचेमागे असल्याने फोटो धड येत नाही. थोडा वेळ नुसते बघा.

मुख्य चौकाखाली पाण्याची पाच मोठी टाकी आहेत. या टेकाडावर झरा नाही, विहीर नाही. गच्च्यांवर पडणारा पाऊस उतारांवरून खाली टाक्यांत जातो. आपल्याकडच्या किल्ल्यांत खडक खोदून टाकी काढलेली असतात, इथे ती बांधून वर चौकच फरसबंद केला आहे. चौकाच्या कडेच्या कमानींमध्ये सैनिकांच्या राहत्या खोल्या मांडून दाखवल्या आहेत. वर जाड तट, आत माणसे दाटीवाटीने झोपलेली, बाहेर दमट उकाडा. हगवण का पसरत असे ते समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

समुद्राच्या बाजूला, खाली खडकावर एक एकाकी चौकी दिसते, ती 'सैतानाची चौकी'. तिथे पहाऱ्याला गेलेला शिपाई रात्रीतून गायब झाला आणि मागे फक्त त्याचे कपडे, शस्त्रे राहिली, अशी दंतकथा आहे. तिचाच दुसरा पाठ सांगतो की तो आपल्या प्रेयसीला घेऊन पळाला. तिथपर्यंत जाऊ देत नाहीत, वरून बघायची.

एवढ्या तयारीचा उपयोग झाला का? 1797 मध्ये राल्फ अबरक्रॉम्बी त्रिनिदाद जिंकून हजारोंची ब्रिटिश फौज घेऊन आला आणि अगदी 1598 सारखाच पूर्वेला उतरला. जुने शहर ज्या छोट्या बेटावर आहे तिकडे येणाऱ्या पुलांपाशीच, शहराच्या बऱ्याच अलीकडे त्याला रोखले गेले. साधारण दोन आठवड्यांनी तो माघारी गेला. सान क्रिस्तोबालच्या मुख्य तटापर्यंत शत्रू पोहोचलाच नाही. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो प्रसंगच न यावा, हे किल्ल्याचे यश म्हणायचे की नाही यावर वाद घालता येईल.

अखेर दोन्ही किल्ले स्पेनच्या हातून गेले ते लढाईत पडून नव्हे. स्पेन-अमेरिका युद्धात 10 मे 1898 रोजी सान क्रिस्तोबालवरून कप्तान आंहेल रिव्हेरो याच्या हुकमाने अमेरिकेच्या 'येल' या जहाजावर तोफ डागली गेली. दोनच दिवसांनी अमेरिकी आरमाराने शहरावर गोळे टाकले. मोरोवरच्या दीपगृहाचे नुकसान झाले (आत्ताचे दीपगृह 1908 चे). पण अमेरिकी फौज उतरली ती जुलैमध्ये बेटाच्या दक्षिणेला, ग्वानिकाला, जिथे यांतले काहीच नव्हते. डिसेंबरमधल्या पॅरिसच्या तहाने किल्ल्यांसकट अख्खे बेट अमेरिकेकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही किल्ल्यांवर काँक्रीटची टेहळणी ठाणी बसली. ती अजून आहेत आणि जुन्या दगडावर फार विचित्र दिसतात. काहींना ती खटकतात. मला वाटते, पाडली नाहीत ते बरे केले.

आता निवड

तुमच्याकडे दोन तासच आहेत आणि क्रूझच्या धक्क्यावरून चालत यायचे आहे: सान क्रिस्तोबाल. धक्का जुन्या शहराच्या दक्षिण कडेला आहे. तिथून प्लासा कोलोन हा चौक आणि वर सान क्रिस्तोबाल हा चढ दहा-पंधरा मिनिटांचा. मोरोला त्याच्या दुप्पट वेळ धरा आणि हिरवळीवरची चाल वेगळी. क्रूझ कंपनीच्या वेळापत्रकावर मात्र नीट नजर टाका. काही जहाजे सान हुआनला दुपारनंतर लागतात आणि किल्ले संध्याकाळी पाचच्या आत बंद होतात. अशा वेळी दोन्ही बाहेरूनच बघावे लागतात.

लहान मुले: निःसंशय मोरो. सान क्रिस्तोबालची गंमत रचनेत आहे, आणि सात वर्षांच्या मुलाला रचनेत फार रस नसतो. भुयाराने ती दहा मिनिटे खूश होतील, मग 'आता काय?' सुरू होईल. मोरोवर उतार आहेत, पतंग आहेत, कठड्यावर सुस्तावलेल्या हिरव्या घोरपडीसारख्या इग्वाना आहेत. कठडे मात्र काही ठिकाणी बुटके आहेत आणि खाली थेट खडक. हात सोडू नका.

आई-वडील भारतातून आले आहेत, गुडघ्यांची तक्रार आहे: हे उत्तर सर्वांत अवघड. मोरोला पोहोचण्यातच दम निघतो आणि खालचे मजले जिन्यांशिवाय बघता येत नाहीत. सान क्रिस्तोबालच्या दारापर्यंत गाडीने सोडता येते आणि मुख्य चौक, खोल्या, थोडे भुयार एवढे फार चढ-उतार न करता होते. वरच्या मंचाचा नाद सोडून द्यावा. त्यांना समुद्रच हवा असेल, तर किल्ल्यात न जाता मोरोच्या पटांगणाच्या शहराकडच्या टोकाशी बसवा. तिथून किल्ला, समुद्र आणि कड्याखालची सांता मारिया माग्दालेना दफनभूमी, तिन्ही दिसतात.

फोटो: सकाळी मोरो. मोरोच्या तटाखालून, पाण्याच्या कडेने जाणारी 'पासेओ देल मोरो' ही पायवाट सान हुआन दरवाज्यापासून सुरू होते. किल्ल्याची खरी उंची तिथूनच कळते, आणि तिला तिकीट लागत नाही. दुपार कलल्यावर सान क्रिस्तोबालच्या वरच्या मंचावरून पश्चिमेकडे बघितले तर सगळे जुने शहर आणि त्याच्या टोकाला मोरो असे एका चौकटीत येते. गोल घुमटीची चौकी तर दोन्हीकडे आहे; बेटाचे ते चिन्हच झाले आहे, गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तुम्हाला ती दिसेल.

गर्दी नको: सान क्रिस्तोबाल. मोरोवर दिवसभर माणसांची रीघ असते.

इतिहासाचा फारसा नाद नाही, पण 'पोर्तो रिकोला जाऊन किल्ला नाही पाहिला?' असे घरी कोणी विचारू नये एवढीच इच्छा आहे: मोरो. त्यात काही वाईट नाही.

दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर सकाळी उघडताच, साडेनऊच्या सुमारास, मोरो गाठा. अकरानंतर ती हिरवळ तापते. दोन तासांत मोरो आटोपून नोर्सागाराय रस्त्याने सान क्रिस्तोबालकडे चालत या. डावीकडे समुद्र आणि तटाबाहेर कड्याखाली वसलेली ला पेर्ला ही रंगीत वस्ती दिसते. रस्त्यावरून बघा, पण कोणाच्या घरांवर कॅमेरा रोखू नका. लोक तिथे राहतात. वाटेत हातगाडीवर 'पिराग्वा' मिळते: किसलेला बर्फ, वर रंगीत सरबत. आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी कागदी कोनात. चिंचेचा स्वाद मागा.

जेवणाबद्दल शाकाहारींना एक सूचना. मोफोंगो म्हणजे तळून कुटलेल्या कच्च्या केळ्याचा गोळा. वर्णन ऐकून तो शाकाहारी वाटतो, पण त्यात बहुधा डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे घालतात. घेवड्याच्या उसळीतही डुकराचे मांस असू शकते. विचारून घ्या. कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तुकडे, तोस्तोनेस, हे सहसा सुरक्षित असतात आणि पोटभरीचे होतात.

बाकीचे किल्ले

कान्युएलो हा छोटा चौकोनी किल्ला खाडीच्या पलीकडे, मोरोच्या समोर आहे. दोघांच्या तोफांच्या कचाट्यात जहाज सापडावे म्हणून तो तिथे. आत जाऊ देत नाहीत आणि रस्त्याने गेलात तर अख्ख्या खाडीला वळसा पडतो. मोरोवरून दिसतो तेवढा पुरे. ला फोर्तालेसा राज्यपालांचे घर असल्याने आत शिरणे आधी चौकशी करूनच जमते. शहराचा तट मात्र चुकवू नका. पूर्वेकडचा काही भाग 1897 मध्ये पाडला गेला, कारण आत कोंडलेल्या शहराला श्वास घ्यायला जागा नव्हती. आज प्लासा कोलोनपाशी आपण दरवाज्याविना शहरात शिरतो ते त्यामुळे. उरलेल्या तटाचा पश्चिमेकडचा भाग सान हुआन दरवाज्यासह शाबूत आहे. ला फोर्तालेसा, दोन्ही किल्ले आणि हा तट मिळून 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

तिकीट, व्हिसा वगैरे

अमेरिकेचे राष्ट्रीय उद्यान खाते हे किल्ले सांभाळते. मोठ्यांना दहा डॉलर, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही, आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. रोख पैशांच्या भरवशावर राहू नका, कार्ड ठेवा. ड्रोन उडवायला बंदी आहे. जुनी घडण असल्याने मोरोचे खालचे मजले किंवा सान क्रिस्तोबालची बाहेरची तटबंदी अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते. निघण्यापूर्वी खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

भारतातून येणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो, वेगळा नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा देशांतर्गत प्रवास आहे, पण नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि कागदपत्रे सोबत असू द्या. परतताना विमानतळावर कृषी खात्याचे लोक सामान तपासतात, फळे काढून घेऊ शकतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम; तिकिटे तेव्हा स्वस्त दिसतात ती उगीच नाही. डिसेंबर ते एप्रिल हवा बरी आणि माणसे जास्त. कुठल्याही महिन्यात गेलात तरी टोपी दोरीची घ्या. मोरोवरच्या वाऱ्यापुढे साध्या टोपीचा टिकाव लागत नाही.